गवतगाडीची सीट

गाडी बंद पडली ती बरोबर पॅव्हेलियनसमोर, दप्तरदार साहेबांच्या नाकासमोर. त्या सकाळची ती तिसरी खेप. दौलतनं चावी फिरवली, परत फिरवली, टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि खाली उतरला. मी पंपाच्या खोलीच्या दारात रबराचे वॉशर कापत बसलो होतो. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की हातातली कात्री बाजूला ठेवून मी चहा मागवला.

दौलत म्हणजे माझा मेहुणा, मालनचा पाठचा भाऊ. त्याला जिमखान्यात चिकटवला तो मीच. उन्हाळ्यात तो पुण्याची नोकरी सोडून आमच्याकडे येऊन राहिला तेव्हा मालन माझ्या मागं लागली, की तुमच्या साहेबांजवळ शब्द टाका. मी टाकला. दौलत पाणी मारायला म्हणून हंगामी लागला. घरी दोन वेळा जेवत होता, मैदानावर नळी धरत होता, मला दाजी दाजी करत होता. तोवर आमचं झकास चाललं होतं.

मग ती गवतगाडी आली. आमच्या एका जुन्या सभासदाच्या परदेशातल्या मुलानं वडिलांच्या नावानं दिलेली. लाल रंगाची, चार चाकांची, पोटाखाली पाती, वर बसायला गुबगुबीत सीट. माणसानं नुसतं बसायचं आणि सुकाणू फिरवायचं, गवत आपोआप कापलं जातं. चौदा वर्षं मी ते साडेचार एकर मैदान ढकलायच्या यंत्रानं कापलं होतं. पुढं दोन गडी दोरी ओढायचे, मागून मी ढकलायचो. पावसाळा सरला की माझे खांदे असे भरून यायचे, की मालन शेकायला बसायची. त्यामुळं ती सीट बघितल्यावर माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. ती माझीच. मी खाकी कपडे धुऊन इस्त्री करून घातले होते त्या दिवशी.

दप्तरदार साहेब जिमखान्याचे सेक्रेटरी. माणूस सरळ, पण घाईचा. त्यांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, ही चालवता कुणाला येते? मी म्हणालो, शिकतो साहेब, चार दिवसांत. तेवढ्यात मागून नळी धरलेला दौलत म्हणाला, "साहेब, पुण्याला गोल्फच्या मैदानावर मी दोन वर्षं असलीच चालवलीय."

झालं. आयत्या बिळावर नागोबा बसला.

तो बसला आणि बसला तो असा, की जणू जन्मतःच बसलेला होता. एका हातानं वळवायचा. गवतावर अशा सरळ पट्ट्या उमटायच्या, एक गडद, एक फिकी, की फिरायला येणाऱ्या बायका कुंपणाशी थांबून बघायच्या. दप्तरदार साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवायचे. माझ्या चौदा वर्षांच्या गवताला कुणी असा हात दाखवला नव्हता. आणि मालन! पूर्वी मी सकाळी सायकलला डबा लावून न्यायचो. आता ती दुपारी गरम भाकरी घेऊन स्वतः यायला लागली. कुंपणाशी उभी राहून भावाच्या दोन चकरा बघायची, मग हाका मारायची. मला बघायला ती कधी आली नव्हती. ढकलणाऱ्या माणसात बघण्यासारखं असतं काय, हेही खरंच म्हणा. पण मला ते झोंबायचं. घरी सायीचा चमचा त्याच्या वाटीत पडला की मी मोजून बघायचो, आपल्या वाटीत किती पडली.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या हत्यारांची पूजा होते. रोलर, पंप, यंत्रं, खुरपी, सगळं धुऊन मांडायचं आणि नारळ फोडायचा. नारळ चौदा वर्षं मी फोडला. त्या वर्षी मी नारळ हातात घेतला तर दप्तरदार साहेब म्हणाले, "ज्योतिराम, या वेळी दौलतला फोडू द्या. गाडी त्याची आहे."

गाडी त्याची आहे. चार लोकांत म्हणाले. मी हसून नारळ दिला. आतून काय झालं ते माझं मला ठाऊक.

पूजेचं ताट मालनच्या हातात होतं. माझ्या पंपाला बोटभर हळदकुंकू, ढकलायच्या यंत्राला बोटभर, रोलरला बोटभर. आणि भावाच्या गाडीजवळ आल्यावर बाईनं ताटातलं उरलेलं सगळं कुंकू तेलात कालवलं. का, तर वाऱ्यानं उडू नये. मग तिनं विचारलं, हिचं डोकं कुठलं म्हणायचं? दौलत हसत म्हणाला, "सगळ्यात उंच हेच हाय बघ आक्का," आणि त्यानं सीटमागच्या पेट्रोलच्या टाकीचं टोपण दाखवलं. तिनं त्या टोपणावर मळवट भरावा तसं कुंकू थापलं. लग्नात माझ्या कपाळालासुद्धा तिच्याकडच्यांनी एवढं लावलं नव्हतं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून गाडी बंद पडायला लागली.

तिची तऱ्हाच वेगळी. सुरू व्हायची एका चावीत. वीस मिनिटं झकास चालायची. मग आचके द्यायची, दमेकऱ्यासारखी खोकायची आणि गप. दौलतनं प्लग काढून घासला. पेट्रोल किती आहे ते टोपण उघडून बघितलं, चावी मारली, सुरू. तो खूश, प्लगच होता म्हणाला. वीस मिनिटांनी परत बंद. मग त्यानं कार्बोरेटर उतरवला, फुंकून साफ केला, बसवला, टाकीत बघितलं, चावी मारली. सुरू. परत वीस मिनिटं. फिल्टर बदलला, पेट्रोल सगळं उपसून ताजं भरलं, सांगलीहून नवा प्लग आणला. दर खेपेला तो म्हणायचा, आता सापडलं, आणि दर खेपेला वीस मिनिटांनी त्याचं तोंड उतरायचं. मैदान अर्धं कापलेलं अर्धं वाढलेलं, गडबडीत दाढी केल्यासारखं दिसायला लागलं.

मला त्यानं दोनदा विचारलं. दाजी, तुम्ही मिस्त्री, जरा बघता का? मी म्हणालो, बाबा, मी देशी पंपाचा मिस्त्री. परदेशी वस्तूतलं तुला कळतं.

दप्तरदार साहेबांचा धीर सुटत चालला होता. दिवाळीनंतरच्या रविवारी जिल्ह्याच्या क्रिकेट संघाचे निवडीचे सामने आमच्याकडं होते. त्यांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. "दौलत, पाडव्याच्या सकाळी मी मैदानावर येणार. गाडी माझ्यासमोर तासभर चालली तर सीट तुझी, पुढच्या महिन्यात कायमही करतो. बंद पडली तर दुसरा माणूस बसेल." आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यावर मी चार दिवस जेवलो असतो.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी गाडी बंद पडली आणि दौलत सायकल घेऊन गावात गेला, कुणा गॅरेजवाल्याला विचारायला. मैदानावर कुणी नव्हतं. मी सहज उठल्यासारखा उठलो आणि गाडीपाशी गेलो. पेट्रोलला रॉकेलचा वास येतो का ते बघावं म्हणून टोपण फिरवलं. तर आतून स्सूंऽ असा आवाज झाला आणि हवा आत ओढली गेली.

मी तसाच उभा राहिलो. गोडेतेलाचा डबा फोडताना आपण काय करतो? एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही, हवा जायला दुसरं पाडावं लागतं. गाडीच्या टाकीचंही तेच. टोपणाला वर एक बारीक भोक असतं, हवा आत जाण्यासाठी. ते बुजलं की पेट्रोल थोडा वेळ उतरतं आणि मग अडून बसतं. टोपण उघडलं की हवा जाते, गाडी परत वीस मिनिटं खूश. दौलत दर खेपेला टाकीत डोकावत होता आणि शाबासकी प्लगला देत होता. मी टोपण उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. भोक दिसेना. त्यावर मालनचं कुंकू होतं, तेलात कालवलेलं, वर गवताची धूळ बसलेलं. अंगठ्यानं दाबलं तर अजून मऊ होतं.

खिशात किल्ल्यांना लावलेली पिन होती. एक टोचलं असतं की काम झालं असतं. मी टोपण परत घट्ट बसवलं आणि वॉशर कापायला जाऊन बसलो.

तुम्ही म्हणाल, मनाला काही वाटलं नाही? वाटलं. बायकोच्या कुंकवानं मेहुण्याचं वाटोळं होतंय, ह्याची मला गंमत वाटली. तेव्हा हेच वाटलं होतं, म्हणून हेच सांगतो. ते आठ दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. दौलत ताटावर बसला की मला भूक नसायची. मालन भाकरी वाढायला आली की मी हात आडवा धरायचो. काय होतंय तुम्हाला, तिनं दोन-तीनदा विचारलं. काही नाही, म्हणालो. ती भावाकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची. घरात दिवाळीचा फराळ चालला होता, पण तळणाचा वाससुद्धा मला नको झाला होता.

पाडव्याच्या सकाळी दप्तरदार साहेब नवा सदरा घालून आले. पॅव्हेलियनच्या पायरीवर खुर्ची मांडली, हातातलं घड्याळ सोडून समोर ठेवलं. दौलत सीटवर बसला. मला वाटलं घाबरलेला असेल, पण चेहरा शांत होता. गाडी सुरू झाली. एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. दहा मिनिटं झाली असतील. मैदानाच्या पार त्या टोकाला, बॅट्समनला चेंडू नीट दिसावा म्हणून लावतात त्या पांढऱ्या पडद्याजवळ गाडीनं आचका दिला आणि बंद पडली.

साहेबांनी घड्याळ उचलून मनगटाला बांधलं. "ज्योतिराम, जा. तुम्ही बघा."

साडेचार एकर मैदान मी चालत ओलांडलं ते पाय जमिनीला न लावता. दौलत खाली उतरून उभा होता. त्यानं चावी माझ्या हातावर ठेवली. म्हणाला, "बघा दाजी. तुमच्या हाताला येती का." आणि तो पॅव्हेलियनकडं चालायला लागला. मागं वळून बघितलं नाही.

मी साहेबांकडं पाठ करून पिन काढली आणि टोपण फिरवलं. आवाज झाला नाही. टोपण लख्ख होतं. कुंकवाचा ठिपका नाही, भोक मोकळं. भोक मोकळं असेल तर मग गाडी कशानं बंद पडली? आता मी काय करणार होतो, माझं कप्पाळ? तेवढ्यात टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉककडं नजर गेली. कॉक आडवा होता. बंद. गडबडला बेटा, मी मनात म्हणालो. टाकी साफ केली, कॉक बंद केला आणि उघडायला विसरला. देव पावला तो हा असा. मी कॉक उभा केला, सीटवर बसलो, चावी मारली.

तासभर नाही, दोन तास चालवली. माझ्या पट्ट्या वाकड्या आल्या, पण गाडी बंद पडली नाही. दप्तरदार साहेब उठून उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी जुना हात तो जुना हात." कारण कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दौलतला त्याच दिवशी परत पाण्याच्या नळीवर लावलं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मालननं भावाला ओवाळलं. मी पाटाशेजारीच लोडाला टेकून बसलो होतो, अंगात वारं शिरलेलं. दौलतनं ताटात नुसती सुपारी ठेवली. बाकी काही नाही. मी हसलो. म्हणालो, बहिणीच्या जिवावर सहा महिने जेवलास, आणि ओवाळणी सुपारीची? मालननं सुपारी उचलून डोळ्यांना लावली आणि ताट घेऊन आत गेली. महिन्याभरात दौलत पुण्याला निघून गेला.

वर्ष गेलं. माझ्या पट्ट्या सरळ यायला लागल्या. परत खंडेनवमी आली. नारळ मी फोडला. साहेब आणि मंडळी पेढे घेऊन पॅव्हेलियनकडं गेली. मागं मालन आणि मी. ताट घेऊन ती गाडीपाशी आली आणि पुढच्या लाल पत्र्यावर तिनं बोटभर कोरडं कुंकू लावलं. बोटभर. पंपाएवढंच.

माझं डोकं फिरलं. वर्ष झालं तरी तो मळवट माझ्या डोळ्यांपुढनं गेला नव्हता. म्हणालो, "भावाच्या गाडीला टोपणभर थापलं होतंस. नवऱ्याच्या गाडीला एवढंच?"

ती ताटातली फुलं सारखी करत म्हणाली, "टोपणावर न्हाई लावायचं. भोक बुजतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुला कुणी सांगितलं, असं मी विचारलं.

"दौलतनं. पाडव्याच्या आदल्या दिवशी. मी भाकरी घेऊन आले तर टोपण हातात घेऊन एकटाच हसत बसला होता. म्हणाला, आक्का, तुझी माया लई जड झाली गं गाडीला."

"आणि मग?"

"मग काय. मी म्हटलं, भाऊबीज आलीया. मला लुगडं नको, काही नको. ही सीट तेवढी ह्यांना दे." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमचं तोंड बघवंना मला. घरात माणूस असून जेवत न्हाई, बोलत न्हाई. चौदा वर्षं तुमचे खांदे मी शेकलेत. मला कळत न्हवतं व्हय, तुम्हाला काय पाहिजे ते?"

मी सीटवर बसलो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉक आधीपासून बंद असता तर गाडी दोन मिनिटांत थांबली असती, दहा मिनिटं चाललीच नसती. हे कळायला मिस्त्री असायलाही लागत नाही. त्यानं चालत्या गाडीवर, पार त्या टोकाला, साहेबांना दिसणार नाही अशा जागी, मागं हात घालून कॉक फिरवला होता. बहिणीची ओवाळणी त्यानं साडेचार एकरांपलीकडं घातली होती आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला सुपारीवरून टोचत होतो.

तरीही मला विचारावंसं वाटलं. "मला काय माहीत होतं, काय नव्हतं, ते त्याला..."

"ठावं होतं," मालन म्हणाली. "त्या कुंकवात अंगठा उमटला होता. काळा, ग्रीसचा. त्यानं मला दाखवला. म्हणाला, दाजींनी हे आधीच बघून ठेवलंय." तिनं ताट दुसऱ्या हातात घेतलं. "मी म्हटलं, आता न्हाई म्हणशील. तर म्हणाला, न्हाई गं. मला नुसती चालवाय येती. त्यांना ती पाहिजेच हाय."

एवढं बोलून ती रोलरला कुंकू लावायला गेली. म्हणजे वर्षभर तिनं मला दोन्ही वेळा वाढलं ते हे सगळं पोटात ठेवून. एका शब्दानं बोलली नाही. मीच विचारलं नसतं तर कधीच बोलली नसती.

त्या भाऊबीजेला दौलत आला. पुण्यात त्याचं बरं चाललं होतं. बहिणीला हिरवं लुगडं आणलं होतं, मला पेढे. दुपारी मी त्याला मैदानावर घेऊन गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते काही तोंडातून निघेना. शेवटी चावी पुढं केली आणि म्हणालो, "बस. दोन चकरा मार. तुझ्यासारख्या पट्ट्या मला अजून येत नाहीत." चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचं काही चांगलं बोललो होतो.

त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. चाकं बघितली, टोपणावरनं हात फिरवला, भोक मोकळं आहे का ते बघितलं. मग चावी माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटवली.

"दिलेली ओवाळणी कोण माघारी घेतं का, दाजी?"

आणि तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला, मालन उभी राहायची त्याच जागी. मी सीटवर बसलो, दुसरं काय करणार? गाडी सुरू केली आणि तो बघत होता म्हणून पट्टी सरळ यावी अशी धडपड करत पांढऱ्या पडद्याकडं निघालो. खरं सांगतो, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटत होता.